अंतःस्थापित सॉफ्टवेअरची बांधणी प्रणाली व तिची साफसफाई

अंतःस्थापित सॉफ्टवेअरची बांधणी प्रणाली व तिची साफसफाई : घरगुती राउटर, वीजमापक, वैद्यकीय उपकरणे, मोटारगाडीतील दर्शकफलक, कारखान्यातील नियंत्रक इ. यंत्रांत विशिष्ट कामासाठी बसविलेला जो छोटा संगणक असतो, त्यास अंतःस्थापित संगणक म्हणतात. अशा संगणकात चालणाऱ्या आज्ञावलींचा संपूर्ण संच मूळ मजकुरापासून (उद्गम संहितेपासून) तयार करणाऱ्या साधनसमूहास बांधणी प्रणाली असे म्हणतात. मुक्तस्रोत बांधणी प्रणालीची उद्गम संहिता सर्वांना पाहण्यास, वापरण्यास व परवान्याच्या अटींनुसार बदलण्यास खुली असते. तिच्यात अनेक वर्षांच्या भरीमुळे निरुपयोगी, कालबाह्य किंवा परस्परविसंगत भाग साचतात. ते शोधून काढणे, त्यांचा क्रम लावणे आणि वापरणाऱ्यांचे काम न अडविता ते दूर करणे म्हणजे प्रणालीची साफसफाई होय. हे काम वरकरणी गौण वाटते. परंतु उपकरण दहा-पंधरा वर्षे सुरक्षित ठेवता येईल की नाही हे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

बांधणी प्रणालीचे कार्य : मेजावरील संगणकासाठी आज्ञावली बहुधा तयार स्वरूपात मिळतात. अंतःस्थापित संगणकाची स्थिती वेगळी असते. त्याचा प्रक्रियक निराळ्या जातीचा, स्मृती थोडी व जोडलेली यंत्रसामग्री खास प्रकारची असते. त्यामुळे आज्ञावली एका (बलवान) संगणकावर तयार करून दुसऱ्या (लहान) संगणकावर चालवाव्या लागतात. त्यासाठी लागणारा कंपायलरही बांधणी प्रणाली बहुधा स्वतःच प्रथम तयार करते.

प्रत्येक आज्ञावलीसाठी प्रणालीत एक लहान टिपण असते. ओपनएम्बेडेड या प्रणालीत त्यास रेसिपी म्हणतात. मूळ मजकूर कोठून आणावयाचा, तो अस्सल असल्याची खातरजमा कशी करावयाची, त्यावर कोणते पॅच (ठिगळे) लावावयाचे, कोणत्या पर्यायांनी तो भाषांतरित करावयाचा, त्याचा परवाना कोणता आणि तो इतर कोणत्या आज्ञावलींवर अवलंबून आहे, ही माहिती रेसिपीत दिलेली असते. प्रणाली अशी शेकडो टिपणे वाचते, कामांचा क्रम ठरविते व शेवटी उपकरणाच्या स्मृतीत भरण्याजोगी एक प्रतिमा तयार करते. या प्रतिमेत कर्नल (गाभा), मूलभूत संहितासंग्रह, सेवा आज्ञावली व उत्पादकाची स्वतःची आज्ञावली यांचा समावेश असतो.

रेसिपींचे विषयवार गट करतात व त्यांस स्तर म्हणतात. मूळ स्तर प्रकल्प सांभाळतो. प्रक्रियक बनविणाऱ्या कंपन्या आपला स्तर त्यावर ठेवतात. उपकरणाचा उत्पादक आपला खाजगी स्तर सर्वांत वर ठेवतो. साफसफाईतील बहुतेक अडचणी या रचनेतून उद्‌भवतात. तळाच्या स्तरातील एक ओळ बदलली, तर तिच्यावर उभे असलेले कितीतरी स्तर मोडू शकतात आणि त्यांपैकी खाजगी स्तर प्रकल्पाच्या देखभालकर्त्यांना दिसतही नाहीत.

इतिहास : बांधणीचे काम आपोआप करणारे ‘मेक’ हे साधन स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तयार केले. लिनक्स कर्नल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर त्याचा वापर लहान उपकरणांत होऊ लागला व संपूर्ण संच एकत्र बांधण्याची गरज भासू लागली. यूसीलिबसी या लहान आकाराच्या संहितासंग्रहाच्या विकासकांनी २००१ मध्ये बिल्डरूट ही प्रणाली सुरू केली. २००९ पासून तिची आवृत्ती दर तीन महिन्यांनी नियमितपणे निघते. लिंक्सिस कंपनीच्या एका घरगुती राउटरमधील मुक्तस्रोत संहिता उपलब्ध झाल्यावर तिच्या आधारे २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला.

शार्प कंपनीच्या झॉरस या हातात मावणाऱ्या संगणकासाठी ओपनझॉरस नावाचा प्रकल्प चालू होता. त्यातील अनुभवातून २००३ मध्ये ओपनएम्बेडेडचा जन्म झाला. बिटबेक हे त्याचे कार्ययोजक साधन जेंटू लिनक्सच्या पोर्टेज या साधनाच्या धर्तीवर पायथन भाषेत लिहिलेले असून २००४ च्या अखेरीस ते स्वतंत्र करण्यात आले. पोकी ही याच परंपरेतील आटोपशीर आवृत्ती ओपन्डहँड या कंपनीत विकसित झाली; ही कंपनी इंटेलने २००८ मध्ये विकत घेतली. २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखाली योक्टो प्रकल्प जाहीर झाला आणि २०११ मध्ये त्याने व ओपनएम्बेडेडने एकच गाभा समाईकपणे सांभाळण्याचे ठरविले.

मळ साचण्याची कारणे : (१) मूळ प्रकल्प बंद पडणे : एखाद्या आज्ञावलीचे लेखक ती सोडून देतात, परंतु तिची रेसिपी मागे राहते. तिच्यात सापडलेले सुरक्षादोष मग कोणीच दुरुस्त करीत नाही. (२) पॅचांची वाढ : एखादी अडचण तातडीने सोडविण्यासाठी पॅच लावतात. तो मूळ लेखकांकडे पाठविला नाही, तर प्रत्येक नव्या आवृत्तीवेळी तो पुन्हा बसवावा लागतो. (३) समांतर आवृत्त्या : जुन्या उपकरणासाठी जुनी व नव्यासाठी नवी अशा एकाच आज्ञावलीच्या दोन-तीन रेसिपी राहतात. (४) तात्पुरते उपाय : जुन्या कंपायलरमधील दोष टाळण्यासाठी घातलेली ओळ तो दोष गेल्यावरही तशीच राहते. (५) बदललेली तत्त्वे : नामकरण, परवान्याची नोंद, फाइलींची मांडणी इत्यादींचे संकेत बदलतात, पण जुन्या रेसिपी जुन्या संकेतांनुसारच चालू राहतात.

यांपैकी कोणताही एक दोष प्राणघातक नसतो. त्यांचा एकत्रित भार मात्र मोठा असतो. देखभाल करणारे लोक थोडे व बहुतांशी अन्य कामे सांभाळून हे काम करणारे असतात. मृत रेसिपी चालती ठेवण्यात त्यांचा वेळ गेला, तर जिवंत रेसिपींकडे दुर्लक्ष होते. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या संहितासंग्रहात एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा असंख्य उत्पादकांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो आपल्या उपकरणात या संग्रहाची कोणती आवृत्ती आहे हा. ज्यांची बांधणी प्रणाली स्वच्छ, त्यांना याचे उत्तर लगेच देता येते. जेथे एकाच आज्ञावलीच्या अनेक प्रती व नोंद नसलेले पॅच असतात, तेथे उत्तर शोधण्यातच दिवस जातात.

नियोजनाची पद्धत : साफसफाईचे नियोजन सर्वसाधारणपणे पुढील टप्प्यांनी करतात.

(अ) मोजदाद : प्रथम काय काय आहे याची यादी करतात. कोणत्या रेसिपी मूळ प्रकल्पाच्या अद्ययावत आवृत्तीपेक्षा मागे आहेत, कोणत्यांस देखभालकर्ता नाही, कोणत्यांत ज्ञात सुरक्षादोष आहेत, हे यंत्राकरवी शोधता येते. पॅचांसाठी ओपनएम्बेडेडमध्ये एक उपयुक्त संकेत आहे. प्रत्येक पॅचच्या माथ्यावर त्याची स्थिती नोंदवावी लागते : मूळ लेखकांकडे पाठविला, नंतरच्या आवृत्तीतून मागे आणला, नाकारला गेला, पाठविण्याजोगा नाही किंवा अद्याप निर्णय व्हावयाचा आहे. या नोंदींवरून कोणते पॅच पुढील आवृत्तीत आपोआप गळून पडतील व कोणते कायम वागवावे लागतील याचा अंदाज बांधता येतो. बिल्डरूटनेही पॅचबरोबर मूळ प्रकल्पाकडे केलेल्या पाठपुराव्याचा निर्देश आवश्यक केला आहे.

(आ) कारणशोध : विचित्र दिसणारी प्रत्येक ओळ निरुपयोगी असतेच असे नाही. एखादा अनावश्यक भासणारा विलंब वा पर्याय विशिष्ट प्रक्रियकावरील खरा दोष टाळण्यासाठी घातलेला असू शकतो. म्हणून बदलांच्या इतिहासात ती ओळ कोणी, केव्हा व का घातली हे पाहिल्याशिवाय ती काढू नये असा दंडक आहे. बदलाची टिपणी नीट लिहिण्यावर असे प्रकल्प जो भर देतात त्याचे हेच कारण होय.

(इ) क्रम : आधी काढून टाकणे, मग नावे बदलणे व शेवटी रचना बदलणे हा क्रम श्रमाच्या दृष्टीने किफायतशीर ठरतो, कारण जे टाकूनच द्यावयाचे आहे त्याचे नाव सुधारण्यात अर्थ नसतो. तसेच यांत्रिक बदल (उदा., ओळींची मांडणी) आणि कार्यात बदल घडविणारे फेरफार स्वतंत्रपणे नोंदवितात. दोन्ही एकत्र केले, तर पुढे एखादा दोष कोठून शिरला हे शोधणे अवघड जाते.

(ई) काळ : योक्टो प्रकल्पाची आवृत्ती दर सहा महिन्यांनी, साधारणपणे एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांत, निघते. प्रत्येक चक्राचे चार टप्पे असून तिसऱ्या टप्प्यानंतर नव्या सुविधा घेणे थांबवून केवळ स्थिरीकरण केले जाते. मोठी उलथापालथ म्हणूनच चक्राच्या आरंभी करतात. २०२० च्या ३.१ आवृत्तीपासून काही आवृत्त्यांना दीर्घकाळ आधार देण्याची प्रथा सुरू झाली व ही मुदत पुढे चार वर्षांची करण्यात आली. दीर्घकालीन आवृत्ती निघण्यापूर्वी साफसफाई उरकणे श्रेयस्कर असते. अन्यथा जो मळ तीत शिरतो तो चार वर्षे सांभाळावा लागतो. उलटपक्षी, अगदी अखेरच्या क्षणी केलेला फेरफार त्या आवृत्तीत दोष पेरून जातो.

काळाच्या निवडीत आणखी एक तांत्रिक बाब विचारात घ्यावी लागते. बिटबेक प्रत्येक कामाच्या सर्व आदानांवरून गणिताने एक संक्षिप्त खूण काढते व तीच खूण पूर्वी आढळली असल्यास ते काम पुन्हा न करता साठविलेले फलित वापरते. तळाच्या सामाईक भागात एक अक्षर बदलले, तरी अनेक खुणा बदलतात व जवळजवळ सर्व काही पुन्हा बांधावे लागू शकते. म्हणून असे बदल सुटे सुटे न करता एकत्र बांधून करतात.

(उ) चाचणी : बदलानंतर निरनिराळ्या प्रक्रियकांसाठी प्रतिमा बांधून त्या अनुकारी यंत्रावर चालवून पाहतात. बिल्डरूटमध्ये स्वयंचलित संगणक यादृच्छिक पर्यायांचे संच निवडून अहोरात्र बांधणी करीत असतात. त्यामुळे मनुष्याला सहसा न सुचणारी पर्यायांची जोडणीही तपासली जाते. एकच प्रतिमा दोनदा स्वतंत्रपणे बांधून दोन्ही फलिते बिट न् बिट सारखी आहेत का हे पाहणे, ही आणखी एक कसोटी आहे. शुद्ध यांत्रिक बदलानंतर फलित बदलले, तर तो बदल वाटला तितका निरुपद्रवी नव्हता असे समजते.

(ऊ) सूचना व स्थित्यंतर : काढावयाच्या गोष्टीबद्दल प्रथम इशारा, नंतर अडवणूक व शेवटी संपूर्ण वर्जन असा तीन पायऱ्यांचा मार्ग रूढ आहे. प्रत्येक आवृत्तीबरोबर स्थलांतराची मार्गदर्शिका प्रसिद्ध करतात. साफसफाईचा निम्मा भाग संहितेत व उरलेला अशा लेखनात असतो असे म्हणता येईल.

काही उदाहरणे : ओपनएम्बेडेडच्या पहिल्या काळातील सर्व रेसिपी एकाच प्रचंड भांडारात होत्या. कोणती रेसिपी कोणत्या उपकरणावर चालते हे सांगणे कठीण झाले होते. २०११ मध्ये ते भांडार दुरुस्त करीत बसण्याऐवजी लहान, नित्य तपासला जाणारा नवा गाभा तयार करण्यात आला आणि इतर रेसिपी कोणीतरी त्या सुधारून सांभाळण्याची जबाबदारी घेईल तशा वेगवेगळ्या स्तरांत आणल्या गेल्या. ज्यांना वाली नव्हता त्या जुन्या भांडारातच राहिल्या. येथे काय टाकावे याची यादी करण्याऐवजी काय ठेवावे याची यादी केली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण चिन्हबदलाचे आहे. एखाद्या चलाचे मूल्य विशिष्ट यंत्रापुरते बदलावयाचे असल्यास चलाच्या नावापुढे तळरेषा देऊन यंत्राचे नाव लिहिण्याचा संकेत होता. परंतु चलांच्या नावांतही तळरेषा येत असल्याने नाव कोठे संपते व प्रत्यय कोठे सुरू होतो हे बिटबेकला निश्चित कळत नसे. ऑक्टोबर २०२१ मधील ३.४ आवृत्तीत तळरेषेच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह आणले गेले. बदल जगभरातील स्तरांतील अगणित ओळींना लागू होता. त्यामुळे रूपांतर करणारी आज्ञावली प्रकल्पानेच पुरविली, तिचे फलित माणसाने तपासावे अशी सूचना दिली आणि आधीच्या दीर्घकालीन ३.१ आवृत्तीतही नवे चिन्ह समजण्याची सोय मागाहून केली. यामुळे एकच स्तर जुन्या व नव्या दोन्ही आवृत्त्यांवर चालू शकला. एप्रिल २०२२ मधील ४.० आवृत्तीत अनेक चलांची नावे बदलण्यात आली, तेव्हाही हीच रीत अवलंबिली गेली.

ऑक्टोबर २०२४ मधील ५.१ आवृत्तीतील बदल शब्दशः साफसफाईचा होता. तोपर्यंत रेसिपीबरोबरच्या सुट्या फाइली बांधणीच्या कामाच्या मुख्य फोल्डरातच ठेवल्या जात. तेथेच इतर उपफलितेही असत. त्यामुळे रेसिपीतून काढून टाकलेली फाइल तेथे तशीच पडून राही आणि आणलेले कोणते व निर्माण झालेले कोणते हे न कळल्याने सुरक्षितपणे पुसताही येत नसे. फाइलींसाठी स्वतंत्र फोल्डर नेमल्यावर ही अडचण दूर झाली.

बिल्डरूटने वेगळा मार्ग पत्करला आहे. काढून टाकलेल्या वा नाव बदललेल्या पर्यायांची नोंद एका स्वतंत्र फाइलीत ठेवतात. वापरणाऱ्याच्या जुन्या निवडीत असा पर्याय आढळला, तर बांधणी थांबते व त्याचे काय झाले हे सांगितले जाते. पर्याय मुकाट्याने नाहीसा झाला, तर वापरणाऱ्याला उपकरण बिघडल्यावरच ते कळेल. ही नोंद तो धोका टाळते.

ओपनडब्ल्यूआरटीमधील उदाहरणावरून साफसफाईची किंमत कोणाला मोजावी लागते हे दिसते. अथेरॉस जातीच्या प्रक्रियकांचे एआर७१एक्सएक्स हे जुने उपलक्ष्य प्रत्येक राउटरचे वर्णन सी भाषेतील स्वतंत्र संहितेने करीत असे. त्याऐवजी यंत्ररचनेचे वर्णन तक्त्यासारख्या मजकुरात करणारे एटीएच७९ हे नवे उपलक्ष्य आले. १९.०७ आवृत्तीत (जानेवारी २०२०) दोन्ही उपलब्ध होती, २१.०२ आवृत्तीत (सप्टेंबर २०२१) जुने वगळण्यात आले. ज्या राउटरांचे वर्णन कोणी नव्या पद्धतीत आणले, ते पुढे चालू राहिले. ज्यांचे आणले नाही, ते मागे पडले. त्याच आवृत्तीपासून किमान ८ मेगाबाइट साठवण व ६४ मेगाबाइट स्मृती यांची अपेक्षा ठेवण्यात आली. त्यामुळे ४ मेगाबाइट साठवणीचे, अजून धडधाकट असलेले कित्येक राउटर नव्या सुरक्षा-दुरुस्त्यांना मुकले. तथापि त्यांच्यासाठी सर्वच आज्ञावली कापून छाटून बसविण्याचे श्रम वाचले व ते इतर उपकरणांकडे वळविता आले.

मर्यादा व धोके : साफसफाई कमी झाली तर प्रणाली जड होते; ती फार व वारंवार झाली तर वापरणाऱ्यांचा विश्वास उडतो. दर सहा महिन्यांनी आपला स्तर दुरुस्त करावा लागत असेल, तर उत्पादक जुन्या आवृत्तीवरच थांबतो आणि आधाराची मुदत संपल्यावरही तीच वापरीत राहतो. अशा वेळी सुरक्षिततेसाठी केलेली साफसफाईच असुरक्षिततेस कारण होते. म्हणून प्रत्येक बदलाचा लाभ कोणाला आणि श्रम कोणाला हे दोन प्रश्न नियोजनात वेगवेगळे विचारावे लागतात. लाभ बहुधा देखभालकर्त्यांना लगेच मिळतो. श्रम मात्र दूरच्या, अनोळखी वापरणाऱ्यांवर पडतात. रूपांतराची आज्ञावली, मार्गदर्शिका व पुरेशी मुदत ही या श्रमांची अंशतः भरपाई होय.

काही साफसफाईला बाहेरूनच मुदत घातली जाते. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हा ती ओपनएम्बेडेडच्या गाभ्यातून काढून, ज्यांना हवी त्यांच्यासाठी निराळ्या स्तरात ठेवण्यात आली. ३२ बिटी चिन्हांकित संख्येत सेकंदांची मोजणी ठेवणाऱ्या प्रणालींची कालगणना १९ जानेवारी २०३८ रोजी ओसंडणार आहे. मसल हा संहितासंग्रह २०२० मधील १.२.० आवृत्तीपासून ३२ बिटी यंत्रांवरही ६४ बिटी कालगणना वापरतो. ग्लिबसीमध्ये हा पर्याय २०२१ मधील २.३४ आवृत्तीत आला. जी उपकरणे एकदा बसविली की वीस-वीस वर्षे चालतात, त्यांच्या बाबतीत हा बदल बांधणीच्या वेळीच व्हावा लागतो. यूरोपीय संघाचा २०२४ चा सायबर-लवचिकता अधिनियम मुख्यत्वे ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होत असून त्यानुसार संगणकीय घटक असलेल्या उत्पादनांतील सॉफ्टवेअर-घटकांची नोंद ठेवणे व त्यांतील दोष आधारकाळात दूर करीत राहणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. अशी नोंद बांधणी प्रणालीच देऊ शकते. मात्र तिच्यातील रेसिपींची नावे, आवृत्त्या, परवाने व पॅच यांची माहिती खरी असेल, तरच त्या नोंदीला मोल राहते.